फोटो काढला, आता हप्ता भरा

गरीब बाईला उद्योजिका करण्याचं खूळ आपल्याकडे इतकं बोकाळलंय, की तिला एखादी धड पगाराची नोकरी द्यावी हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. नवऱ्याचं काम सुटलं? शिलाई मशीन घ्या. अवकाळीनं रान झोडपलं? मसाले करा. सासू अंथरुणाला खिळलीय? मग पापड झकास, घरबसल्या होतात. व्यासपीठावर पाहुणे, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर पाहुण्यांचा चेहरा मशिनाहून मोठा. नारळ, टाळ्या, फोटो. चहा पिऊन सगळे निघून जातात आणि ज्या गल्लीत चार मशिनं आधीच धूळ खात पडलीत, तिथं पाचवं येऊन बसतं.

मला अशा कार्यक्रमांना अधूनमधून बोलावतात. मी एकच प्रश्न विचारतो आणि पुढच्या वर्षी माझं नाव पत्रिकेत नसतं. प्रश्न असा: हे ब्लाऊज शिवून घेणार कोण?

वक्त्यांकडे त्यावर ठरलेलं उत्तर असतं, लिज्जत. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेतले आणि आज बघा केवढा व्याप! 'ऐंशी रुपये' हे शब्द असे घोळवून म्हणतात, जणू सगळी करामत त्या रकमेत होती. मग त्यानंतर ऐंशी रुपयांत, आठ हजारांत, ऐंशी हजारांत गल्लोगल्ली लिज्जत का उभी राहिली नाही? तिथं काम कसं चालतं ते या मंडळींनी कधी पाहिलेलंच नसतं. बाई तयार पीठ घरी नेते, पापड लाटते, वाळवून आणून देते, मजुरी घेते. उडदाचे भाव चढले, माल पडून राहिला, दुकानदारानं पैसे थकवले, तर ती डोकेदुखी संस्थेची. बाई सभासद आहे, नफ्यात तिचा वाटा आहे, पण खपाची काळजी उशाशी घेऊन तिला झोपावं लागत नाही. आपण नेमकं उलटं करतो. पीठ तिचं, पाकीट तिचं, उधारी तिची आणि न खपलेला मालही तिचाच. ज्या घराला हजार रुपयांचा तोटा झेपत नाही, त्याच घरावर सगळी जोखीम लादायची आणि त्याला सक्षमीकरण म्हणायचं, इतका सोपा हा उद्योग आहे.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी आठवा. घरदार गावी ठेवून आलेल्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या त्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या कचाट्यात होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते त्यांना स्वयंपाक किंवा आत्मविश्वास शिकवायला नाही. सावकाराच्या जागी त्यांनी राष्ट्रीयीकृत बँक आणून बसवली. मदत असावी तर अशी. पण तीही चालली कशावर? गिरणीच्या पगारावर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी चालल्या नाहीत, आणि पगाराच्या दिवशी पैसे चुकते करणारं गिऱ्हाईक गावी निघून गेलं. चपात्या पूर्वीइतक्याच गोल होत्या.

आता सावकारानं सूक्ष्मकर्ज कंपनीचा कोट चढवलाय. साप्ताहिक मीटिंग असते, सतरंजी असते, गटाची शपथ असते आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात. वसुलीला माणूस पाठवायचीही गरज नाही, शेजारणीच ते काम करतात. म्हैस आठवड्याच्या हिशेबानं विते का? पापड पावसाळ्यात वाळतात का? हप्ता मात्र दर मंगळवारी. 2010 साली याच धंद्यातली एसकेएस कंपनी शेअर बाजारात वाजतगाजत उतरली. त्याच वर्षी आंध्रात कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि ऑक्टोबरात राज्य सरकारला वसुलीला लगाम घालणारा अध्यादेश काढावा लागला. आपण काय शिकलो? 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी व्याजदर ठरवणं संस्थांच्या संचालक मंडळांवर सोपवलंय. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे हप्ते त्या उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात, हीही मर्यादा त्याच नियमांतली. मर्यादा म्हणे! घरातला अर्धा पैसा हप्त्याला गेल्यावर उरलेल्यात औषध आणायचं, फी भरायची, आणि वर उद्योजिकेसारखं हसायचं.

हैदराबादच्या 104 वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या कर्जाचा परिणाम तपासला. 2015 साली छापून आलेला निष्कर्ष वसुलीवाल्यांना सांगून बघा. ज्यांचा धंदा आधीपासून होता, त्यांतल्या बऱ्या चाललेल्यांचं थोडं भलं झालं. एकूण घरखर्च, मुलांचं शिक्षण, घरात बाईचा शब्द, यांत म्हणण्यासारखा फरक नाही.

मग गरिबाच्या हातून धंदा होतच नाही का? होतो की. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेनं 2002 साली सुरू केलेल्या कार्यक्रमात अगदी तळातल्या कुटुंबांना कर्ज दिलंच नाही. गाय किंवा शेळ्या दिल्या, फुकट. वर काही महिने खर्चाला थोडे पैसे, म्हणजे शेळी विकून पोट भरायची पाळी येऊ नये. शिवाय माणूस घरी येऊन विचारपूस करणार. याच धर्तीवर सहा देशांत प्रयोग झाला, त्यात आपलं पश्चिम बंगालही होतं. मदत थांबून वर्ष झालं तरी ती कुटुंबं आधीपेक्षा बरं खात-कमावत होती. 'फुकट दिलं की माणसं आळशी होतात' हे आपल्याकडचं लाडकं तत्त्वज्ञान, विशेषतः ज्यांना सासऱ्याकडून फ्लॅट मिळालाय त्यांचं.

शहरात तर तमाशा आणखी रंगतो. पथविक्रेत्याला 10 हजारांचं स्वनिधी कर्ज 2020 मध्ये आलं. यादीत नाव नसलं तर शिफारसपत्र पालिकेचं, आणि त्याच पालिकेची अतिक्रमणाची गाडी येऊन हातगाडी उचलून नेते. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा सांगतो की सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. कायदा ट्रकवाल्याला वाचून दाखवा.

आणि गिऱ्हाईक? सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. अंगणवाडीतल्या पोषण आहाराला ठेकेदार नकोत, शक्यतो बचत गट आणि महिला मंडळांकडून काम करून घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्येच बजावलं होतं. महाराष्ट्रात काय झालं? निविदेच्या अटीच अशा, की गावातल्या गटाला दारातूनच परत फिरावं लागे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या निविदा रद्द कराव्या लागल्या. पंधरा वर्षं! एवढ्या काळात किती मशिनं वाटली गेली असतील.

तेव्हा पुढच्या कार्यक्रमाला पाहुण्यांनी मशीन आणू नये. तालुक्यातल्या अंगणवाड्यांच्या आहाराची लेखी ऑर्डर आणावी, वर्षभराची, निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत. फ्लेक्सवर चेहरा हवा तेवढा मोठा छापा, आमची हरकत नाही.