गोधडी कोणाची?

गेल्या हिवाळ्यात वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जुन्या घरगुती वस्तूंचे लहानसे प्रदर्शन भरले होते. जाती, पाटे, पितळी डबे, कंदील अशा मंडळींच्या मेळाव्यात आमच्या घरची एक गोधडीही भिंतीवर विराजमान झाली होती. तिच्याखालच्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘गोधडी. जुनी लुगडी व धोतरे. प्रा. अमुक यांच्या संग्रहातून.’ हे प्रा. अमुक म्हणजे प्रस्तुत लेखक होत. युरोपातील चित्रशाळा डोळ्यांनी पाहून आलेले आमचे एक विद्वान स्नेही त्या गोधडीपुढे क्षणभर थबकले आणि म्हणाले, “चिंध्या भिंतीवर टांगल्या म्हणजे त्यांची कला होते की काय? उद्या पोतेरेही टांगाल!” भोवतालची मंडळी हसली, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसणे आम्हांस बोचू लागले. स्नेह्यांचे म्हणणे चुकीचे होते, हे तर खरेच. परंतु त्या भिंतीवर त्याहूनही मोठी एक चूक होती, आणि ती ना त्यांच्या ध्यानात आली होती, ना आमच्या.

प्रथम चिंध्यांविषयी. संगमरवर, ब्राँझ व तैलरंग ही कलेची कुलीन द्रव्ये. माती, बांबू, चिंधी ही हीन कुळातली, असा एक जातिभेद आमच्या रसिकांनी मनोमन पाळला आहे. तैलचित्राच्या रंगाखाली अखेर ताणलेले कापडच असते, याचा त्यांना विसर पडतो. दुसरीकडे कोठे हा आक्षेप शोभला तर शोभो. वर्ध्यास तो मुळीच शोभत नाही. येथून अवघ्या काही कोसांवर सेवाग्रामच्या कुटीच्या भिंतीवर मीराबेनच्या हातांनी उठविलेली ताडाची झाडे व चरखा आहेत, आणि ते सारे मातीचेच काम आहे. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नंदलाल बोस यांनी खेड्यात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या द्रव्यांतूनच ती नगरी सजविली. पुढे १९३८ साली वर्ध्यातच मगन संग्रहालय उघडले. राजेरजवाड्यांच्या तलवारी व जडजवाहीर यांसाठी ते नव्हते. चरखा, खादी आणि ग्रामोद्योग यांसाठी होते. ज्या गावाने हे पाहिले, त्याच गावी चिंधीकडे पाहून नाक मुरडले जावे, यापरते आश्चर्य कोणते?

यावर आमचे स्नेही म्हणतील, “द्रव्य असो कोणतेही, पण गोधडी थंडीसाठी शिवतात, सौंदर्यासाठी नव्हे.” या आक्षेपाचे उत्तर आम्ही कारवारकडून आणतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. सिद्दी म्हटले की आमच्या वाचकास जंजिऱ्याच्या तोफा, किंवा फार तर मलिक अंबर आठवावयाचा. सिद्दी म्हणजे तलवार, एवढेच आमच्या क्रमिक पुस्तकांनी शिकविले. परंतु या रानातील सिद्द्यांचे अनेक पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यास आणलेले होते. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या व सदऱ्यांच्या तुकड्यांतून ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. काठापासून आरंभ करून धावदोऱ्याने आत आत येत मध्यावर तिची समाप्ती करावयाची, ही त्यांची रीत. सर्व झाले की चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवावयाच्या. त्यांना म्हणतात ‘फुले’. फुलांवाचूनची कवंदी त्या नागवी समजतात. आता आम्ही विचारतो, त्या चार फुलांनी थंडी किती कमी होते? एका टाक्याचीही नाही! जेथे गरज संपली तेथेही हात थांबला नाही, उलट ते काम केल्यावाचून वस्तू पुरी झाली असे त्या हातास वाटलेच नाही. याला कला म्हणावयाचे नाही तर कशाला? २०११ साली न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे, आफ्रिकी वंशाच्या इतिहासासाठी वाहिलेल्या शोम्बर्ग केंद्रात, या कवंदींचे प्रदर्शन भरले. हल्याळचे रान वर्ध्याहून जवळ, की न्यूयॉर्कहून? पण आम्हांस पत्ता नव्हता.

“त्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे आणि आमचे काय नाते?” असे कोणी विचारील, तर आमचे एका शब्दात उत्तर आहे: कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि गुलामांच्या घामाने पिकलेला तेथला कापूस मँचेस्टरकडे जाईनासा झाला. तेव्हा हिंदुस्थानातील रुईला सोन्याचा भाव आला आणि हिंगणघाटचे नाव विलायतेच्या बाजारात सर्वतोमुखी झाले. वर्धा जिल्हा वेगळा झाला तोही याच धामधुमीत, १८६२ साली. आमच्या पूर्वजांच्या माड्या चढल्या, त्यांच्या पायात अलाबामा व जॉर्जियाच्या मळ्यांतील ते दुःख असे नकळत चिणले गेले आहे. ज्यांचे हात तेथे कापूस वेचीत होते, त्यांच्या लेकीसुनांनी त्याच कापसाच्या फाटक्या कापडाचे काय केले, हे पाहणे ही निव्वळ परदेशी हौस नव्हे.

जॉर्जियात १८३७ साली गुलामीत जन्मलेली हॅरिएट पॉवर्स ही त्यांपैकी एक. तिने बायबलातील कथा कापडाच्या तुकड्यांतून एका गोधडीवर साकार केल्या. १८८६ च्या एका जत्रेत ती पाहून जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने विकत मागितली. पॉवर्सने दिली नाही. पुढे दिवस वाईट आले आणि दहा डॉलर सांगून अखेर पाच डॉलरांत ती द्यावी लागली. विकल्यानंतरही ती माउली आपली गोधडी पाहावयास त्या घरी पुन्हा पुन्हा जात असे. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. परंतु या कथेतील महत्त्वाची गोष्ट पाच डॉलर ही नव्हे. जेनी स्मिथने गोधडी घेताना प्रत्येक चौकटीचा अर्थ शिवणारीच्या तोंडून ऐकून लिहून ठेवला, ही होय. म्हणून आज हॅरिएट पॉवर्स हे नाव आपणांस ठाऊक आहे.

अलाबामातील जीज बेंड या खेड्याची गोष्टही अशीच. तेथील मिसूरी पेटवे हिने १९४२ साली, पती वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी शिवली. २००२ साली ह्यूस्टन येथे व नंतर न्यूयॉर्क येथे या गावच्या गोधड्या मांडल्या गेल्या, त्या प्रत्येकीवर शिवणारीचे नाव घालून. पेटवे हे आडनाव तरी कोणाचे? त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचे! पण मालकाकडून आलेले ते नाव या बायांनी आपल्या हातांच्या कर्तबगारीने आपले करून घेतले. पुढे मोबदल्याविषयी काही जणींनी २००७ मध्ये न्यायालयात दाद मागितली आणि ते तंटे तडजोडीने मिटले. आम्ही याचाही अर्थ हाच करतो की, जिचे नाव लागले आहे, तिलाच आपला वाटा मागता येतो. निनावी बाईस दादही मागता येत नाही.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर आलो. आमच्याकडे अशा वस्तूंखाली ‘लोककला’ असा गोड शब्द लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. हा शब्द ऐकावयास उदार, परंतु कामास मोठा सोयीचा आहे. कारण ‘लोक’ म्हटले की कोणा एकीचे नाव विचारावयाचे कारण उरत नाही आणि कोणा एकीस पैसे द्यावयाचेही. समूहाची कला व्यक्तीची नसते, असा सिद्धान्त यावर सांगण्यात येतो. खेड्यातील बाईपुढे हा सिद्धान्त सांगून पाहावा! टाका पाहताच ही गोधडी अमकीच्या हातची, असे ती सांगेल. निनावीपण त्या कलेत नाही, ते आमच्या नजरेत आहे. आणि मराठीस तर ही सबब मुळीच पचणारी नाही. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई आपल्या अभंगाच्या अखेरीस आपले नाव गोवून गेली. सातशे वर्षांपूर्वी दासीस जे सुचले व साधले, ते आम्हां पदवीधरांस एका चिठ्ठीवर लिहिणे साधू नये काय?

आता आमच्या गोधडीविषयी. प्रदर्शनातून परतल्यावर आम्ही मातोश्रींस विचारले, ही कोणी शिवली? त्यांना गोधडीतला प्रत्येक तुकडा ओळखता आला. हे लग्नातले लुगडे, ते आमच्या बारशाच्या वेळचे, हे वडिलांचे धोतर. मजुरीही आठवली. नाव आठवेना. “कपाशीची वेचणी संपली की येत असे. पलीकडच्या वस्तीतली होती. आम्ही तिला नुसते ‘बाई’च म्हणत असू,” एवढेच त्या म्हणाल्या आणि बराच वेळ गोधडीवरून हात फिरवीत राहिल्या. त्या बाईच्या टाक्यांखाली आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि चिठ्ठीवर नाव लागले ते आमचे. का, तर आम्ही ती पांघरली म्हणून!

दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन ती चिठ्ठी बदलून घेतली. आपले नाव खोडले आणि लिहिले: ‘शिवणारीचे नाव आम्ही विचारले नाही.’ प्रत्येक संग्रहालयाने, जेथे नाव ठाऊक नसेल तेथे, ‘अज्ञात’ न लिहिता हेच वाक्य लिहावे, अशी आमची सूचना आहे. ‘अज्ञात’ या शब्दात दोष तिचा वाटतो. या वाक्यात तो ज्याचा त्याच्या पदरी पडतो. आणि ज्या घरी गोधडी शिवणारी बाई आजही येत असेल, त्या घरच्या वाचकांनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवताना आधी तिचे पूर्ण नाव विचारावे व गोधडीच्या एका कोपऱ्यावर तिच्याच हातून ते दोऱ्याने घालून घ्यावे. तिला अक्षर येत नसेल, तर आपण कागदावर काढून द्यावे. आमची ती वेळ निघून गेली आहे.