कपातीचा हिसाब आधी मालकाने द्यावा

आपल्या धंद्यात एक तक्रार सर्रास ऐकू येते. कारागीर टिकत नाही, उचल घेऊन दुसऱ्या कारखान्यात जातो; मुनीम भरवशाचा मिळत नाही. तक्रार खोटी नाही. पण ती करणाऱ्या किती मालकांनी स्वतःचा हिसाब आपल्या माणसांपुढे ठेवला, हेही विचारले पाहिजे.

यंत्रमागाचेच घ्या. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना हे नवे नाही. ताका तपासताना डाग किंवा पट्टा निघाला की व्यापारी मालकाचे पैसे कापतो आणि मालक तीच रक्कम कारागिराच्या मजुरीतून वळती करतो. पण पट्टा आला कुठून? कारागिराचे लक्ष नव्हते, तर दोष त्याचा. परंतु पुष्कळदा बाण्याचे सूत दोन वेगवेगळ्या लॉटचे असते आणि स्वस्त मिळाले म्हणून मालकानेच ते घेतलेले असते. सायझिंग कच्चे राहिले तर ताना तुटतच राहतो. मागाचा भाग झिजला असे जॉबरने तीनदा सांगितले, तरी 'पुढच्या महिन्यात पाहू' हेच उत्तर. वीज जाऊन माग मध्येच थांबला की कापडावर आडवी खूण पडते, तीही कारागिराच्या नावावर. निर्णय एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा! मग कारागीरही शहाणा होतो. खराबी दिसली तरी तो माग थांबवीत नाही, कोणाला सांगत नाही. सांगितले तर पैसे कापले जातील. दहा मीटरवर थांबले असते ते नुकसान पूर्ण ताक्यावर जाते.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. 1936 च्या वेतन कायद्यात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे की, नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि कपात झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडे किती ठिकाणी हे विचारले जाते, ते वाचकांनीच सांगावे.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, हे आपण सगळे जाणतो. मजकूर सांगण्याचे काम मात्र तिथे ज्याच्याकडे देणे आहे त्याच्यावर टाकले आहे, याकडे कमी लोकांचे लक्ष जाते. उचलीच्या बाबतीत देणेकरी कारागीर. तेव्हा वही त्याच्यासमोर लिहावी, त्याला वाचून दाखवावी. मजुरीच्या बाबतीत देणेकरी मालक आहे.

आमचा कापड बाजारही यातून सुटत नाही. 2006 च्या लघुउद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांची रक्कम जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक केले. मुदत चुकली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही, अशी आयकराची तरतूद एप्रिल 2024 पासून लागू झाली, तेव्हा कुठे बाजारात धावपळ उडाली. व्यापाऱ्याने पैसे अडकवले तर मालकाने ते कारागिरांना उघड सांगावे, तारीख द्यावी आणि त्या तारखेला दुसरीकडून सोय करून का होईना, मजुरी द्यावी. 2020 च्या टाळेबंदीनंतर गावी गेलेले कारागीर परतू लागले तेव्हा मी पाहिले, ज्याच्याकडे हिसाब साफ होता त्याचे माग आधी भरले. जास्त दर देऊ करणारेही काही जण वाट पाहत बसले होते.

काही बंधू म्हणतील, मालकाने आपली चूक कबूल केली तर माणसे डोक्यावर बसतील. मला तसे वाटत नाही. सूत कोणी निवडले आणि माग कोणामुळे नादुरुस्त राहिला, हे कारागिराला आधीच ठाऊक असते. मालक ते मानतो की नाही, एवढेच तो पाहत असतो. लहान कारखानदाराला याकरिता मोठा दफ्तरखाना नको. ताका तपासण्याच्या टेबलाजवळ एक वही ठेवावी. ताक्याचा नंबर, खराबी, कारण आणि भुर्दंड कोणाचा, एवढे चार रकाने पुरेत. खराब ताका कारागिराला दाखवल्याशिवाय मुनीमाने त्यात लिहू नये. लॉटच्या गफलतीचा पहिला ताका निघेल तेव्हा चौथ्या रकान्यात मालकाने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहावे, म्हणजे पुढच्या नोंदी करताना मुनीमाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.