तेरचा वाटाड्या आणि वगळलेले वाक्य

आमच्या मुरुडहून तेर फार दूर नाही. मागील हिवाळ्यात ग्रीस देश पाहून परतलेले एक स्नेही आमच्याकडे उतरले होते. अथेन्समध्ये त्यांनी खासगी वाटाड्या घेऊन तेथील प्राचीन वास्तू पाहिल्या होत्या. ‘तुमच्या भागात असे एखादे पुरातन नगर आहे काय?’ असे त्यांनी विचारताच आम्ही त्यांना तेरला नेले व तेथेही एक माहीतगार गृहस्थ सोबत घेतले. त्या दिवशी जे ऐकले आणि जे ऐकावयास मिळाले नाही, ते आपल्यापुढे मांडणे अगत्याचे वाटते.

तेरणेकाठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक लेखकाच्या सागरी व्यापारवर्णनात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते, असे नमूद आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीसही हे नाव ठाऊक होते. म्हणजे ज्या ग्रीकांची नगरे पाहावयास आपण सागर ओलांडून जातो, तेच ग्रीक एके काळी आपल्या या नगराची नोंद घेत होते!

आमच्या वाटाड्याने आपले काम मनापासून केले. संत गोरोबाकाकांची कथा त्याने भक्तिभावाने सांगितली. लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती दाखवून, इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी तिचे साम्य आहे, हेही सांगितले. पुढे आम्ही त्रिविक्रमाच्या मंदिरापाशी आलो. मागील बाजूची ती अर्धवर्तुळाकार विटांची भिंत आणि वरचे गजपृष्ठाकार छत पाहून स्नेह्यांनी विचारले, ‘हा आकार असा का?’ उत्तर मिळाले, ‘साहेब, पूर्वीची बांधणीच तशी.’ एवढे बोलून तो पुढे चालू लागला.

हा आकार चैत्यगृहाचा आहे. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असून पुढे त्याचे विष्णुमंदिर झाले, असे मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले. याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत, हे तर निर्विवाद आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर यवन दात्यांची नावे आजही वाचता येतात. ग्रीकांशी व्यापार सांगावयाचा आणि ज्या धम्माला यवनांनीही दान दिले, त्याचे नाव मात्र गाळावयाचे, हा कोणता न्याय?

स्नेही म्हणाले, अथेन्सच्या वाटाड्याने पार्थेनॉनपाशी सर्व काही क्रमाने सांगितले. प्रथम ते अथीना देवीचे मंदिर होते, नंतर ख्रिस्ती चर्च झाले, नंतर मशीद झाली, आणि १६८७ साली व्हेनिसच्या तोफांमुळे आतील दारूसाठ्याचा स्फोट होऊन ते भग्न झाले. एवढे सांगितल्याने अथीनेचे महत्त्व उणे झाले काय? उलट, पाहणाऱ्याची जाण वाढली.

कोणी म्हणेल, हा मंदिरावर हक्क सांगण्याचा डाव आहे. वकिलीच्या व्यवसायात हयात घालविणाऱ्या प्रस्तुत लेखकाचे उत्तर स्पष्ट आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचे जे स्वरूप होते तेच कायम राहावे, हे १९९१ च्या कायद्याचे मूळ तत्त्व आहे व ते आम्हांस मान्य आहे. तेथे पूजा करणाऱ्याने ती सुखाने करावी. आम्हांस ताबा नको. आम्हांस एक वाक्य हवे आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१क ने संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन आणि शोधक बुद्धीचा विकास ही दोन्ही प्रत्येक नागरिकाची कर्तव्ये ठरविली आहेत. वारसा संमिश्र आहे असे म्हणावयाचे आणि त्यातील एक अंश मुकाट्याने वगळावयाचा, ही त्या कर्तव्याची पायमल्ली नव्हे काय?

दोष त्या गरीब वाटाड्याचा नाही. जे त्याला कोणी शिकविले नाही, ते तो कोठून सांगणार? ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांचा इतिहास असाच एकेका वाक्याने नाहीसा होतो. गाळलेल्या वाक्यावर न्यायालयात दावा लावता येत नाही. ते पुन्हा पुन्हा बोलूनच परत आणावे लागते.

म्हणून आपणांस विनंती आहे की, मुलाबाळांसह एकदा तेरला जावे, संग्रहालय नीट पाहावे आणि त्या अर्धवर्तुळाकार भिंतीपाशी उभे राहून वाटाड्याला नम्रपणे विचारावे, ‘हा आकार कशाचा?’ कझिन्स यांचे मत व त्यावरील मतभेद दोन्ही नोंदविणारा मराठी फलक तेथे असावा, असा अर्ज पुरातत्त्व खात्याकडे करावा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, विचारून पारखून घ्या, हीच तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे. तिचा आरंभ आपल्या शेजारच्या गावापासून करण्यास काय हरकत आहे?