विसाच्या आत पोरे? मग गुरुजी शून्य!

१५ मार्च २०२४ चा शासन निर्णय सांगतो, सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर शिक्षक शून्य. २००९ चा शिक्षण हक्क कायदा याच वर्गांना वर्गामागे किमान एक शिक्षक देतो. शासन निर्णय कायद्याच्या वर कधीपासून बसला?

परभणी जिल्ह्यात जिंतूर, गंगाखेड, पालमच्या वाड्या-तांड्यांवर पट का घटतो, हे मंत्रालयाला ठाऊक नाही असे आम्ही मानत नाही. दिवाळी झाली की घरेच्या घरे ऊसतोडीला जातात, पोरे कोयत्यामागे. ऐपतवाल्यांची लेकरे इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत. उरतात बौद्ध, मातंग, बंजारा मजुरांची. गुरुजी काढले की तीही जातात, मग 'पटच नाही' म्हणून कुलूप!

शेजारच्या गावी पाठवा म्हणे. मुलगा जाईल सायकलवर. सातवीतल्या मुलीला बाप पाठवत नाही, स्थळ बघतो.

संविधानाच्या मूळ कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० ला संपली. जूनमध्ये वर्गावर शिक्षक दिसला नाही, तर आम्ही परभणीत जिल्हा परिषदेच्या दारातच शाळा भरवू. हजेरी अधिकाऱ्यांनी घ्यावी.