किमोनो घालायचा नसतो, नेसायचा असतो

परक्या देशाचा पारंपरिक कपडा अंगावर चढवावा की नाही, या विषयावर हॉस्टेलच्या गच्चीवर दोन तट पडतात. एक म्हणतो, "कशाला उगाच सोंगं?" दुसरा म्हणतो, "हौस आहे रे, पण परवडतंय कुणाला?" माझं मत दोघांशीही जुळत नाही. कपडा जरूर घालावा, स्वस्तातला घालावा, पण नेसायची रीत शिकून घालावा. खिशात पैसे कमी असले तर चालतं, रीत ठाऊक नसली तर मात्र शोभत नाही.

इंटर्नशिपच्या निमित्ताने जून-जुलै असे दोन महिने क्योटोला होतो. खोलीभाडं, जेवण आणि बसचा पास यातच स्टायपेंड संपायचा. तिथे कियोमिझु मंदिराच्या चढावर आणि गिओन भागात किमोनो भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. साधारण तीन ते पाच हजार येन मोजायचे, दुकानातल्या बायका तुम्हाला नेसवून देतात, दिवसभर फोटो काढायचे आणि संध्याकाळी कपडा परत करायचा. यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी हातात उरतात ते फोटोच.

याच पैशात दुसरी सोय आहे. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिरात आणि २५ तारखेला कितानो तेनमांगू देवळात बाजार भरतो. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखाच, जमिनीवर मांडलेला. तिथे वापरलेल्या किमोनोंचे ढीग असतात. मी १००० येनला सुती युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला बिनअस्तराचा किमोनो घेतला, ८०० ला कमरेचा ओबी आणि १५०० ला गेता म्हणजे लाकडी चपला. एकूण ३३०० येन. आजच्या भावाने दोन हजार रुपयांच्या आत. विकायला बसलेल्या आजींना इंग्रजी येत नव्हतं आणि माझं जपानी बेताचं. तरी त्यांनी बाही माझ्या हाताला लावून पाहिली, मान हलवली आणि ढिगातून दुसरा, लांब बाहीचा युकाता काढून दिला. जुने किमोनो बहुधा बुटक्या माणसांच्या मापाचे असतात. बायकांना जादा लांबी कमरेशी दुमडून घेता येते, पुरुषांच्या किमोनोत ती सोय नाही. तेव्हा उंच पोरांनो, ढीग उपसायची तयारी ठेवा.

इतका स्वस्त का? कारण रोज किमोनो नेसणारे आता फार थोडे उरलेत आणि घरोघरच्या आज्यांची कपाटं रिकामी होतायत. उलट नवा रेशमी किमोनो घ्यायला जावं तर किंमत काही लाख येनांवर जाते. जानेवारीत सज्ञान होण्याचा सोहळा असतो, त्यासाठी बऱ्याच मुली तो भाड्यानेच आणतात. महाग म्हणून कुणी नेसत नाही आणि कुणी नेसत नाही म्हणून आणखी महाग, असं हे दुष्टचक्र आहे. ढिगातला किमोनो उचलून नेसणारा विद्यार्थी ते थोडंसं तरी तोडतो, असं मला वाटतं.

मेकॅनिकलवाल्यांनी तर किमोनो एकदा उलगडून बघावाच. सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब असा एक पट्टा, त्याचे सरळ रेषेत कापलेले आठ तुकडे. वाया जवळजवळ काहीच जात नाही. पूर्वी तो उसवून, तुकडे धुऊन पुन्हा शिवायचे. मटेरियल युटिलायझेशनचा याहून चांगला नमुना आपल्या वर्कशॉपमध्ये तरी मी पाहिलेला नाही.

आणि नेसायचे मुख्य नियम फुकट शिकता येतात. डावा पदर नेहमी उजव्यावर. इ.स. ७१९ मध्ये तसा सम्राज्ञीचा हुकूमच निघाला होता. उजवा पदर वर घेतात तो मृताला नेसवताना. पुरुषांनी ओबी पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर बांधायचा. रोज रात्री दहा मिनिटं आरशासमोर घालवली तर आठवड्यात गाठ जमते. जुलैत गिओन उत्सवाच्या संध्याकाळी युकाता नेसलेल्या गर्दीतून मी हिंडलो, तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. मला तीच पावती वाटली.

यावर आक्षेप आहेतच. २०१५ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात मोनेच्या चित्रातल्या किमोनोची प्रतिकृती प्रेक्षकांना घालून बघायला ठेवली होती. दुसऱ्याच्या संस्कृतीची ही नक्कल आहे म्हणून निदर्शनं झाली आणि तो कार्यक्रम बदलावा लागला. गंमत म्हणजे त्याच प्रतिकृती जपानमध्ये लोकांनी हौसेने घालून पाहिल्या होत्या. २०१९ मध्ये किम कार्दाशियनने आपल्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला 'किमोनो' नाव दिलं, तेव्हा मात्र क्योटोच्या महापौरांनी पत्र लिहून हरकत घेतली आणि तिला नाव बदलावं लागलं. माझ्या मते फरक इथेच आहे. नाव उचलून धंदा करणं वेगळं आणि कपडा समजून घेऊन नेसणं वेगळं.

आता आपल्याकडे या. ट्रॅडिशनल डेला आपण काय करतो? शिवलेली नऊवारी, तयार फेटा, भाड्याचं धोतर. सकाळी चढवलं, ग्रुप फोटो काढला, संध्याकाळी परत. सुरुवात म्हणून हेही ठीक आहे. जपानमध्येही आयती गाठ मारलेले ओबी मिळतात. पण चार वर्षांत एकदाही स्वतःच्या हाताने धोतर नेसता येऊ नये? आपल्याच मेसमध्ये, ऑफिसात फेटा बांधता येणारे काका आणि नऊवारी नेसवणाऱ्या मावशी आहेत. यंदा जिमखान्याने भाड्याच्या कपड्यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा काढून त्यांचं मानधन देऊन एका संध्याकाळी वर्ग घ्यावा, अशी माझी सूचना आहे.

शर्ट आपण घालतो, साडी आणि धोतर नेसतो. मराठीने हा भेद मुळातच करून ठेवला आहे. घालायला पैसे पुरतात. नेसायला मात्र कुणाकडून तरी शिकावं लागतं.