शाळेचा सातबारा कोणाच्या नावावर?

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका खेड्यात शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करायला कृष्णवर्णीय गावकरी जमले होते. पीक हातचे गेलेले, माणसे कंगाल. तेवढ्यात गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा पुढे आला. त्याने खिशातून एक जुनी, तेलकट पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. सुटी नाणी आणि डॉलर मोजले, तेव्हा ३८ भरले. त्याची ती जन्मभराची शिल्लक होती. नातवंडांच्या पोरांना तरी शिकायची संधी मिळावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. वर्गणीसाठी फिरणाऱ्या कार्यकर्त्याने हे नोंदवून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले.

ही शाळा ‘रोझेनवाल्ड शाळां’पैकी एक. गुलामीत जन्मलेले आणि पुढे टस्कीगी संस्था उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन आणि सीअर्स कंपनीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांची ओळख १९११ मध्ये झाली. पुढच्या वर्षी अलाबामात सहा लहान शाळांचा प्रयोग ठरला. १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या १५ राज्यांत जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या. लेखिका माया अँजेलू आणि नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईस अशाच शाळांत शिकले.

आता पैशांचा हिशेब पाहावा. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड यांच्या निधीतून आले ४३-४४ लाख आणि कृष्णवर्णीय समाजाने स्वतः घातले ४७ लाख. शेठजींपेक्षा शेतमजुरांनी जास्त दिले, तरी नाव शेठजींचे लागले. उरलेला मोठा वाटा सरकारी करांचा होता आणि तो कर कृष्णवर्णीयही भरतच होते. त्यांच्या करावर गोऱ्या मुलांच्या शाळा आधी पोसल्या जात आणि आपल्या मुलांसाठी त्यांना पुन्हा पदर पसरावा लागे. कोणी शाळेसाठी जास्तीचा कापूस लावला, कोणी लाकूड दिले, बायकांनी जेवणाचे डबे विकून पैसे जमवले. एका शाळेसाठी दोनदा पैसे मोजणे हा अन्याय होता. लोकसहभागाचे कौतुक करताना तो झाकला जाऊ नये.

या इमारती मात्र मन लावून बांधलेल्या. गावात वीज नसायची, म्हणून उंच खिडक्यांची रांगच्या रांग पूर्व-पश्चिमेला. बाके अशी मांडायची की उजेड डावीकडून यावा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडू नये. दोन वर्गांमधली सरकती भिंत बाजूला केली की सभागृह तयार. गावाच्या बैठका तिथेच भरत. ज्या लेकरांना तोवर चर्चच्या कोपऱ्यात नाही तर गळक्या खोपटात बसवले जाई, त्यांच्यासाठी कोणीतरी सावलीचाही विचार केला होता.

एक अट मात्र पुढे महागात पडली. जमीन आणि इमारत सरकारी शिक्षण मंडळाच्या नावावर करून द्यायची. हेतू चांगला होता: सरकारला जबाबदारी टाळता येऊ नये. पण मंडळे होती गोऱ्यांच्या हातात. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि नंतरच्या दोन दशकांत एकत्रीकरण झाले, तेव्हा बहुतेक ठिकाणी कुलूप लागले ते कृष्णवर्णीयांच्या शाळांना. त्यांच्या हजारो शिक्षकांच्या, मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जागा मिळाली, पण त्यांची भाषा, त्यांचा इतिहास जाणणारे मास्तर आणि बाई तिथे नव्हत्या. घाम गाळून बांधलेल्या वास्तूबद्दल गावाला कोणी विचारलेही नाही.

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केले होते. आणि शाळा नेमकी कोणाची, हा प्रश्न आजही तोच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलांना घरच्या भाषेत शिकता यावे, एवढीच इच्छा. शिक्षण खात्याने मान्यता नाही म्हणून तिला बेकायदा ठरवले. शाळेला मान्यता हवी, दर्जा तपासायला हवा, हे कबूल. पण गाव स्वतः पुढे येते तेव्हा सरकारने शिक्षक, पुस्तके आणि मान्यतेची वाट घेऊन जायला हवे. तिथे नोटीस पोहोचली, ही चूक आहे आणि ती दुरुस्त करता येण्याजोगी आहे.

शिक्षण हक्क कायद्याने पालकांना शाळेच्या कारभारात येण्याचे दारही उघडून ठेवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा हवी. फलकावर नावे असतात. पण बैठक सकाळी अकराला लावली की पारधी वस्तीवरची आई त्या वेळी खुरपणीला गेलेली असते आणि इतिवृत्ताच्या वहीवर तिचा अंगठा दुसऱ्या दिवशी घेतला जातो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या हालचाली गेल्या काही वर्षांत झाल्या आहेत. त्यात पहिला नंबर लागेल तो पाड्यांचा, तांड्यांचा, वस्त्यांचा. तिथली कोणतीही शाळा हलवण्याआधी समितीची बैठक दिवेलागणीनंतर, वस्तीवर, तिथल्या बोलीत व्हावी. ठराव मोठ्याने वाचून दाखवावा. आणि पालक नाही म्हणाले, तर कुलूप लागू नये.