एका म्यानात दोन तलवारी

दक्षिण सुदानचे प्रथम उपाध्यक्ष रिक मशार यांना मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच घरात स्थानबद्ध करण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. अध्यक्ष साल्वा कीर आणि मशार यांच्यात सत्तेची वाटणी करणारा पहिला करार २०१५ साली झाला होता. जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबात दोघांच्या सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या आणि तो संपला. २०१८ साली दुसरा करार झाला व त्यानुसार पाच उपाध्यक्ष नेमण्यात आले. खुर्च्या वाढल्या; शांतता मात्र आली नाही.

'त्या लोकांना एकत्र नांदताच येत नाही' असे म्हणून पान उलटणे सोपे आहे. परंतु असे म्हणणाऱ्याने आपल्याच जिल्ह्याचा इतिहास एकदा आठवावा, अशी आमची विनंती आहे. १६०० साली चांदबिबीचा स्वकीयांच्याच हातून अंत झाला आणि नगरचा भुईकोट किल्ला अकबराच्या सैन्याने घेतला. निजामशाही मात्र बुडाली नव्हती. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला परंड्यास गादीवर बसविले. पण दौलताबादेकडील मुलूख मियाँ राजूच्या हाती होता. उरलेले राज्य या दोघांत वाटले गेले. दोघेही मुर्तजाच्या नावाने कारभार करीत, आणि खुद्द मुर्तजाच्या निर्वाहास औशाचा किल्ला व थोडी गावे उरली. गादी एक, फौजा दोन! नगरात मोगलांचे ठाणे बसले असताना हे दोघे एकमेकांवर चालून गेले. राजूविरुद्ध अंबरने खुद्द मोगल सेनापती खानखानान याची कुमक घेतली, असे फिरिश्ता लिहितो. १६०७ च्या सुमारास राजूचा पाडाव झाला, तेव्हा कोठे निजामशाहीची फौज एका हाती आली. आणि १६१० साली अंबरने नगरचा किल्ला परत जिंकला.

या सर्व प्रकारात दोष केवळ दुष्ट हेतूंचा नसतो. तो भयाचाही असतो. मंत्रिपदे एका बैठकीत वाटता येतात. फौज तशी वाटता वा मिसळता येत नाही. ज्याने प्रथम शस्त्र खाली ठेवावे, तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगणार. म्हणून कोणीच प्रथम ठेवीत नाही. शेजारच्या सुदानात डिसेंबर २०२२ च्या करारानंतर नेमका हाच तिढा पडला. जनरल दगालो यांचे निमलष्करी दल दोन वर्षांत सैन्यात विलीन व्हावे, असे सैन्य म्हणत होते. दलाला दहा वर्षे हवी होती. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये युद्ध पेटले.

याउलट नेपाळ पाहा. नोव्हेंबर २००६ च्या करारानुसार माओवादी सैनिक छावण्यांत गेले, त्यांची शस्त्रे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली कुलूपबंद झाली आणि २०१२ साली छावण्यांचा ताबा राष्ट्रीय सैन्याने घेतला. काही माओवादी सैनिक सैन्यात गेले, बहुसंख्यांनी पैसे घेऊन घरची वाट धरली. त्यानंतर तेथे पंतप्रधान किती बदलले, याची गणती करणे कठीण. पण ते यादवी युद्ध परतले नाही. मंत्रिमंडळे मोडूनही शांतता टिकली, याचे कारण बंदुका आधीच कुलपात गेल्या होत्या.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. दक्षिण सुदानातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानांनी वर्षानुवर्षे सेवा केली आहे, आणि २०१३ साली जोंगलेई प्रांतात आपल्या काही जवानांनी प्राणही दिले. ज्या देशाने ही किंमत मोजली, त्याला पुढच्या करारापूर्वी विचारण्याचा अधिकार आहे: दोन्ही बाजूंची शस्त्रे कोणाच्या कुलपात राहणार? शिपायाला पगार कोण देणार? सरकारी खजिना, की त्याचा जुना सरदार? या प्रश्नांची उत्तरे कागदावर येत नाहीत तोवर कोणते खाते कोणाला, हा वाद व्यर्थ होय.